वाणाची वही

टप्.

नळातून सुटलेला थेंब सिंकमधल्या पालथ्या वाटीवर पडला आणि दुपारची घट्ट शांतता तेवढ्याने तडकली. केतकीने मान वर केली नाही. तिच्या पुढ्यात जेवणाच्या टेबलावर सात कागद होते, सकाळी कुरिअरने आलेले, आणि चौथ्या कागदावरच्या तीन ओळी ती मघापासून पुन्हा पुन्हा वाचत होती.

प्रश्न सहावा : आई घरी कशी असते?

उत्तर : आई चांगली आहे. पण ती रडते. रडताना ती स्वयंपाकघरातला नळ सोडते, मला ऐकू येऊ नये म्हणून.

टप्.

आता मात्र तिने नळाकडे पाहिलं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. आईला नाही, बहिणीला नाही. नवरा, सुजय, हे घर सोडून पुण्याला गेला त्याला दीड वर्ष झालं होतं आणि नळाची सवय त्यानंतरची. म्हणजे हे माहीत असणारं माणूस जगात एकच होतं. ते सात वर्षांचं होतं आणि या वेळी शाळेत दुसरीच्या वर्गात पाढे म्हणत होतं.

पहिल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'बालक-कल अहवाल. बालिका : राही सुजय भोसेकर. निष्कर्ष : बालिकेचा कल पित्याकडे. मातेच्या मानसिक स्थैर्याबाबत शंका.' राहीने कुणाजवळ राहायचं याची सुनावणी सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयात पाच फेब्रुवारीला होती. आज चार जानेवारी.

तिने नदाफ वकिलांना फोन लावला.

"वकीलसाहेब, माझ्या मुलीला भेटलं कोण? कधी भेटलं? मला न विचारता?"

"कुणी भेटलं नाही हो मॅडम. शेवटचं पान वाचा की. बारीक अक्षरात आहे. 'सदर उत्तरे बालिकेच्या जुळ्याकडून घेतली आहेत.'"

"राहीला कुठलं आलंय जुळं?"

"शाळेच्या पाटीतलं. अंकुरपाटीवाल्यांनी बनवलेलं. तुमच्या मिस्टरांनी अर्ज केला, वडील म्हणून शाळेत नाव आहेच त्यांचं, त्यांना अहवाल मिळाला. सोबत आवाजाची लिंक पण जोडली आहे."

"हे कोर्टात चालतं?"

"पुरावा म्हणून नाही चालत. पण कोर्टाच्या समुपदेशक बाई वाचणार की. वाचलेलं डोक्यातून काढता येतंय होय?"

केतकीने लिंक उघडली. कानाला हेडफोन लावला. आणि तिच्या कानात राही बोलायला लागली.

"आई चांगली आहे. प-प-पण ती रडते."

राही अडखळायची, 'प' वर सगळ्यात जास्त. तीन वर्षांची असल्यापासून. केतकी तिला कधी मधेच तोडायची नाही, शब्द पुरा करून द्यायची नाही. ती फक्त हातातलं काम थांबवून वाट बघायची. त्या थांबण्यात एक माया होती, ती दोघींची होती. आणि आता एक यंत्र तिच्या लेकीसारखं, अगदी तेवढंच, तितक्याच वेळा अडखळत होतं. त्यांनी तिचा आवाज चोरला होता, आणि जाता जाता तिचं अडखळणंसुद्धा चोरून नेलं होतं.

सव्वादोनला रिक्षावाल्या मामांनी राहीला खाली सोडलं. ती दप्तर टाकून नेहमीसारखी पाणी प्यायला गेली.

"राही, तुला कुणी काही विचारलं गं? घरातलं? माझ्याबद्दल?"

"नाही." राहीने ग्लास खाली ठेवला. "आई, नळ गळतोय. मी ब-बंद करू?"

"तो बंदच आहे, सोन्या. वायसर गेलाय."

*

जुळं म्हणजे काय हे केतकीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचं पोटच त्या धंद्यावर होतं. राही शाळेत गेली की ती घरी बसून संगणकांना मराठी ऐकायला शिकवायची. हजारो माणसांचे आवाज तिच्याकडे यायचे. कुठे श्वास घेतला, कुठे शब्द गिळला, कुठे हसू दाबलं, ते ती खुणा करून द्यायची. तिचे वडील मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात आयुष्यभर तंबोऱ्यांना तारा चढवत आले होते. तारेखाली रेशमाचा दोरा सरकवत, केसभर इकडे, केसभर तिकडे, जवारी उघडून तार घुमेपर्यंत. तो कान तिच्याकडे आला होता.

पाटीची गोष्ट तशी साधी होती. ती दिसायला काळी, जुन्या पाटीसारखी. तिला लाकडी चौकटसुद्धा होती. पण त्या चौकटीत एक डोळा आणि एक कान बसवलेला होता. मूल वाचताना नजर कुठल्या शब्दावर अडते, बोट किती जोराने दाबतं, चुकलं की किती वेळ गप्प बसतं, हे सगळं पाटी टिपायची. मग एक प्रणाली अंदाज करायची : आता हे मूल काय करेल? अंदाज चुकला की स्वतःला जरा दुरुस्त करायची. दिवसातून हजारदा अंदाज, हजारदा दुरुस्ती. सात-आठ महिन्यांत चुका इतक्या कमी व्हायच्या, की त्या मुलाऐवजी प्रणालीलाच प्रश्न विचारला तरी चालावं. हेच जुळं. कंपनी म्हणायची, नवा धडा आधी जुळ्याला शिकवून बघायचा, म्हणजे खऱ्या मुलाला त्रास नाही. ऐकायला किती छान!

पण पाटी गृहपाठासाठी रोज घरी यायची. कान उघडा ठेवून. जेवणाच्या टेबलावर ती पडलेली असायची तेव्हा तिने नळ ऐकला होता. नळामागचा हुंदकाही ऐकला होता, कारण यंत्राला पाण्याचा आवाज वेगळा काढता येतो. राहीची नजर अशा वेळी कुठे थिजायची, तेही तिने पाहिलं होतं. आणि जिथे माहिती संपते तिथे जुळं गप्प बसत नाही. ते तुकडे जोडून वाक्य करतं. मुलाच्या आवाजात केलेला अंदाज ऐकताना अंदाज वाटतच नाही, कबुली वाटते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका हुपरीकर बाईंनी कपाटातून एक वही काढली.

"तुमचीच सही आहे की हो, भोसेकर."

वही पाहताच केतकीने ती ओळखली. दोन वर्षांपूर्वीचं संक्रांतीचं हळदीकुंकू, शाळेच्या सभागृहात. अंकुरपाटीच्या समन्वयक शाल्मली दिवेकर मोतिया पैठणी नेसून आल्या होत्या. नाकात नथ, हातात अत्तरदाणी. प्रत्येक आईला हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून स्टीलचा चपातीचा डबा. वाण घेण्याआधी वहीत सही. डबे कमी पडू नयेत म्हणून नोंद, असं शाल्मलीवहिनी म्हणाल्या होत्या. आणि टेबलाशी बसून सगळ्यांना हाका मारणारी पालक प्रतिनिधी कोण? केतकी. "या की वहिनी, सही करा आणि वाण घ्या! मागे रांग लागलीय बघा!"

प्रत्येक पानाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं : 'खाली सही करणारी माता आपल्या पाल्याच्या जुळ्याची निर्मिती, वापर व हस्तांतर यांस संमती देत आहे.' कोण वाचणार? हळदीकुंकवाची वही कुणी वाचतं का? हात तिळगुळाने चिकट झालेले, कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलेलं. एक्केचाळीस आयांनी हसत हसत एक्केचाळीस मुलं लिहून दिली होती. केतकीच्या सहीवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. तिचंच.

शाळेच्या पायरीवर उभी राहूनच तिने शाल्मलीला फोन केला. आवाज मऊ ठेवला.

"वहिनी, राहीचं जुळं पुसून टाका. विनंती करते."

"अगं केतकी, सही केलीस ना तू?" शाल्मलीच्या आवाजात खडीसाखर होती. "आणि खरं सांगू? मुलाच्या मनातलं आईला कळलं, तर त्यात वाईट काय वाटून घ्यायचं? उलट सुधारायची संधी मिळाली तुला."

"तुमच्या स्वरदाचं आहे का हो जुळं?"

"आमच्या स्वरदाचं? छे गं! तिच्या शाळेत पाट्या नाहीतच. मी तर तिला स्क्रीनला हात लावू देत नाही. चौथीत आहे, नाजूक वय."

फोन ठेवून केतकी पायऱ्या उतरली. सुजयवरचा राग जुना होता, रोज वापरून गुळगुळीत झालेला. हा राग कोरा करकरीत होता. तिला न्याय नको होता. पाच फेब्रुवारीला काय व्हायचं ते होवो. पण त्याआधी शाल्मली दिवेकरच्या तोंडावरचं पाणी उतरलेलं तिला बघायचं होतं. चार माणसांत. आणि तिच्याच वाणाने.

*

स्वरदा पाटी वापरत नव्हती. पण स्वरदा सगळ्या गावाला पाठ होती. शाल्मली रोज सकाळी लेकीचा एक व्हिडिओ चॅनेलवर टाकायची. कधी स्तोत्र, कधी कविता, कधी वक्तृत्व. तीन वर्षांचे एक हजार व्हिडिओ. तेल लावून घातलेल्या दोन घट्ट वेण्या, पूर्ण बाह्यांचा झगा आणि स्वच्छ, घंटेसारखा आवाज. एकही चूक नाही.

केतकीने हेडफोन लावले आणि काम करते तसं ऐकायला बसली. दहा व्हिडिओ झाले. वीस झाले. एकविसाव्याला तिचा हात थांबला.

तिने मागे जाऊन फक्त पहिला अर्धा सेकंद लावला. पुन्हा लावला. स्पीकरवर लावला.

स्स्.

दातांमधून आत ओढलेला श्वास. त्यानंतर लगेच चेहऱ्यावर हसू आणि खणखणीत आवाज. दुसरा व्हिडिओ. स्स्. तिसऱ्यात नाही. चौथ्यात आहे. एकाच्या आधी बाईचा दबलेला आवाज, अगदी पुसट : "आता चुकलीस तर बघ." मग स्स्. कसून चिमटा काढला की पोर जसा श्वास ओढतं तसा.

"आई, ही ताई स-सुरुवातीला असं का करते?"

राही कधी मागे येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही. केतकीने आवाज बंद केला.

"श्वास घेते गं. मोठं म्हणायचं असतं ना, म्हणून."

"तसा नाही घेत श्वास," राही म्हणाली. तिचाही कान आजोबांचाच होता. "दुखलं की घ-घेतात तसा."

"जा बरं, चित्र पूर्ण कर."

फ्रिजवर भाजीच्या यादीशेजारी एक पिवळा कागद चुंबकाने चिकटवलेला होता. संकटातल्या मुलांसाठी मदतीचा नंबर. शाळेनेच वाटला होता, प्रत्येक घरी. केतकीने त्याच्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं. मग लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला आणि अंकुरपाटीचं घरगुती आवृत्तीचं पान उघडलं. 'आता घरबसल्या बनवा आपल्या मुलाचं जुळं. फक्त आवाजाच्या किंवा चित्रफितींच्या पाचशे नोंदी आणि मातेचं सही केलेलं संमतीपत्र.'

सही खरी आहे का, हे यंत्र तपासत होतं. संमतीपत्र कोण पाठवतंय, हे तपासत नव्हतं. विकायच्या घाईत तेवढं राहून गेलं होतं त्यांचं.

*

"तू हळदीकुंकू करणार?" सोसायटीतल्या सुलभाकाकूंनी जिन्यातच अडवलं. "नाही म्हणजे, करावं की, चांगलंच आहे. पण तुमचं ते कोर्टाचं चाललंय ना गं?"

"निकाल लागलेला नाही काकू. तोवर कुंकू माझंच आहे."

"अगोबाई, तिखट झालीस की पोरी!" सुलभाकाकू खूष होऊन म्हणाल्या. "मी येते चार वाजता. डाळ-पन्हं आहे ना?"

"चैत्रात असतं ते, काकू."

"मग काय आहे?"

शाल्मलीला केतकीने मुद्दाम घरी जाऊन बोलावलं होतं. माझं चुकलं वहिनी, नको ते विचारून बसले, तुम्ही आलात तर चारचौघींत मला बरं वाटेल. शाल्मली आली, तीच मोतिया पैठणी नेसून. केतकीने तिला पाटावर बसवलं, अत्तर लावलं, ओंजळभर हरभरे-बोरं-उसाचे करवे ओटीत घातले. कुंकू तिने अगदी सहज, गोल रेखलं. याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"सही करा वहिनी, आणि वाण घ्या."

"हे कशाला गं आणखी?"

"डबे मोजून आणलेत ना. नोंद असलेली बरी. तुमच्याकडूनच शिकले."

शाल्मली खळखळून हसली. "शिष्या शोभतेस!" आणि तिने एका हाताने नथ सावरत केतकीने उघडून दिलेल्या पान अकरावर सही केली. रकाने होते तसे भरले : स्वतःचं नाव, पाल्याचं नाव, जन्मतारीख. पानाच्या डोक्यावर मुंगीएवढी अक्षरं होती, शब्दाला शब्द तीच. बाकीच्या बायकांसाठी केतकीने वेगळी वही ठेवली होती, कोरी. एवढं भान तिने राखलं होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही वाटला होता.

वाण म्हणून स्टीलचा चपातीचा डबा.

त्याच संध्याकाळी, राही खाली खेळत असताना, तिने पान अकरा आणि एक हजार व्हिडिओ वर चढवले. तीन दिवसांनी निरोप आला : 'अभिनंदन! स्वरदाचं जुळं बोलायला तयार आहे.' केतकीने त्याला काहीच विचारलं नाही. तिला पहिल्यांदा सगळ्यांबरोबरच ऐकायचं होतं.

*

तीस जानेवारीला शाळेत पालक मेळावा होता. अंकुरपाटीचा करार पुढच्या तीन वर्षांसाठी वाढवायचा होता, म्हणून शिक्षणाधिकारी आले होते. सभागृह भरलं होतं. सुरुवातीला शाल्मलीने सोबत आणलेल्या स्वरदाने स्वागतगीत म्हटलं. पूर्ण बाह्या, घट्ट वेण्या, एकही चूक नाही. मग ती कडेला दाराशी जाऊन उभी राहिली, आणि तिची आई माईकपाशी आली.

शाल्मली छान बोलली. प्रत्येक मूल समजून घेणारी शाळा, वगैरे. "कुणाला काही शंका?"

केतकी उठली. "शंका नाही वहिनी, अनुभव सांगायचा होता. मी तुमची घरगुती आवृत्ती वापरली. जुळं बनवलंय. ऐकवू का सगळ्यांना?"

"वा! या की, या!" शाल्मलीचा चेहरा उजळला. तिने स्वतः वायर केतकीच्या फोनला जोडून दिली. "बघा साहेब, पालकच आमची जाहिरात करतात."

केतकीने माईकमध्ये विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

सभागृहातल्या चारही कोपऱ्यांतून घंटेसारखा आवाज आला. "स्वरदा शाल्मली दिवेकर. इयत्ता चौथी."

कुणीतरी हसलं. लोकांना वाटलं, ठरवून केलेली गंमत आहे. शाल्मलीही हसायच्या बेतात होती, पण ते हसू अर्ध्यावर थांबलं.

"हे... हे कुणी केलं? मी परवानगी दिलेली नाही."

"दिलीय की." केतकीने पिशवीतून वही काढून उंच धरली. "पान अकरा. तुमची सही आहे, अत्तर लावून घेतलेली. वाचली नव्हतीत का हो वर?"

"केतकी, बंद कर ते."

"मुलाच्या मनातलं आईला कळलं, तर त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?" केतकी म्हणाली, आणि माईककडे वळली. "स्वरदा, तुझी आई घरी कशी असते?"

अर्धा सेकंद गेला. मग सगळ्या सभागृहाने ते ऐकलं.

स्स्.

"आई चांगली आहे. व्हिडिओच्या आधी ती दंडाला चिमटा काढते, म्हणजे मी चुकत नाही. वर काढते, बाहीच्या आत. मी रडले की परत सुरुवातीपासून. आता मी रडत नाही."

शाल्मलीच्या तोंडावरचं पाणी उतरलं. केतकीने मनात जसं हजारदा पाहिलं होतं, अगदी तसंच. आधी ओठ पांढरे झाले, मग नथ थरथरली. केतकीने ते डोळे भरून पाहिलं. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि तिला वाटलं, आता मी पोटभर जेवेन.

"हा अंदाज आहे!" शाल्मली ओरडली. "यंत्राचा अंदाज आहे हा! त्याला काय कळतं? खोटं आहे ते!"

"तीच तर शंका होती माझी," केतकी म्हणाली. "साहेब, लिहून घ्या. जुळं म्हणजे अंदाज. कंपनी स्वतः म्हणतेय."

पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. शिक्षणाधिकारीसुद्धा नाही. सगळं सभागृह मान वळवून दाराकडे बघत होतं, जिथे एक नऊ वर्षांची मुलगी उभी होती. मागच्या रांगेतले काही जण फोन उंच धरून तिचं चित्रण करत होते. स्वरदाने काही केलं नाही. तिने फक्त दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, आणि बोटांनी घट्ट धरून ठेवल्या.

*

पुढचं सगळं भराभर झालं. शाळेने पाट्या खोक्यांत भरून परत पाठवल्या. एक्केचाळीस जुळी पुसल्याचं पत्र आलं. नदाफ वकिलांचा फोन आला तेव्हा ते जवळजवळ गात होते.

"मॅडम, समोरच्यांनी अहवाल मागे घेतला! आता समुपदेशक बाई खुद्द राहीशी बोलणार, समोरासमोर. पोरगी कुठं राहते म्हणाल, तर तुमच्याकडंच. लिहून देतो."

"आणि त्या मुलीचं?"

"कुठल्या? हां, ती. मावशीकडं पाठवलीय म्हणे तात्पुरती. चौकशी चाललीय. अहो, ती क्लिप माझ्या मेव्हण्यानं कऱ्हाडवरून पाठवली मला. कुठल्या कुठं गेली बघा!"

केतकीने फोन ठेवला. जिंकली होती ती. तिने शिरा करायला घेतला, राहीला आवडतो तसा, केळं घालून. रवा भाजताना तिला सारखं जिंकल्यासारखं वाटत होतं आणि मधेच वाटायचं थांबत होतं.

राही शाळेतून आली. आज दप्तर टाकलं नाही, पाठीवर तसंच ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"वर्गात सगळे खेळतात आता," ती म्हणाली. "एक जण चिमटा काढतो आणि दुसऱ्याने 'स्स्' करायचं. मग सगळे हसतात. बाईंनी ओरडून प-प-पण ऐकत नाहीत."

"तू नको खेळूस."

"मी नाही खेळत." राहीने दप्तराचा पट्टा ओढला. "तो आवाज मला आधीच म-माहीत होता. तू लावत होतीस. परत परत. खूप दिवस आधी."

केतकीने गॅस बारीक केला. फ्रिजवरचा पिवळा कागद तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात होता. तिचा हात आपोआप नळाकडे गेला आणि पाणी धो धो वाहायला लागलं. पालथी वाटी त्याच्याखाली गडगडा वाजत राहिली.

राहीने दप्तर काढलं. मोरीतलं लाकडी स्टूल ओढून आणलं, त्यावर चढली, आणि दोन्ही हातांनी चावी फिरवून नळ बंद केला. वायसर गेलेला, म्हणून जोर लावून. मग ती आईकडे वळली. आता दोघींचे डोळे एका उंचीवर होते. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि ते 'प' वर येऊन अडलं होतं. केतकी सवयीने थांबली, हातातलं काम थांबवून, शब्द पुरा न करता, तिची वाट बघत.

"आई, ताईला दुखतंय हे तुला कळलं होतं ना? म-मग तू प-प-पहिल्यांदा तिलाच का नाही विचारलंस?"